विहिरीचं पाणी, नायट्रेट ९६ आणि आरओवाल्याचा तो तपकिरी ग्लास

ताई, रिपोर्ट सोबत टाकलात ते फार बरं केलंत, नाहीतर लोक नुसतं "आमचा टीडीएस इतका आहे, कुठला आरओ घेऊ" एवढंच विचारतात आणि मग उत्तर देणाऱ्याने काय डोळे मिटून सांगायचं. मी पाणी तपासणी आणि फिल्टर बसवणं या दोन्ही बाजूंनी वीसेक वर्षं काम केलंय, त्यामुळे थोडं लांबेल, पण नीट वाचा.

बाकीच्यांसाठी तुमचं थोडक्यात सांगतो. सोलापूरकडचं गाव, मळ्यातलं घर, ४५ फूट विहीर, चहूबाजूंनी ऊस. घरात सात माणसं, त्यात आजी आणि ४ महिन्यांचं बाळ. आरओवाला येऊन पाण्यात दोन सळ्या बुडवून पाणी तपकिरी करून दाखवून गेला आणि २२ हजार सांगितले. सासरे म्हणतात काही नको, उकळा आणि तांब्याच्या हंड्यात ठेवा, आम्ही हेच पाणी पिऊन मोठे झालो. यातलं कुणाचं ऐकायचं, असा तुमचा प्रश्न आहे. रिपोर्टमध्ये (आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये) टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, ७८०, कठीणपणा ४२०, नायट्रेट ९६, फ्लोराइड ०.६, लोह ०.१, आणि खाली ई. कोलाय (विष्ठेतला जंतू) पॉझिटिव्ह.

सगळ्यात आधी बाळाचं. तुम्ही लिहिलंय की वरचं दूध दिवसातून दोनदा विहिरीचं पाणी उकळून त्यात कालवता. हे आज संध्याकाळपासून बंद करा, मशीन येईल तेव्हा येईल. नायट्रेटची आपल्याकडची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सूट नाही, म्हणजे टीडीएस किंवा कठीणपणाला जशी "दुसरं पाणीच नसेल तर इथपर्यंत चालेल" अशी वरची पायरी असते तशी नायट्रेटला ठेवलेलीच नाही. तुमचं त्याच्या दुपटीवर आहे. मोठ्या माणसाच्या अंगी हे लगेच काही दिसत नाही, पण लहान बाळाच्या, खास करून सहा महिन्यांच्या आतल्या, पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं बदलून टाकतं की त्याला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. ओठ, नखं निळसर दिसायला लागतात. त्यालाच ब्लू बेबी म्हणतात. तसं काही कधी दिसलं तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना गाठायचा.

आणि उकळणं इथे उलटं काम करतं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट कुठे जात नाही, पाणी मात्र वाफ होऊन जातं. दोन लिटर पाणी उकळून दीड लिटर उरलं तर तुमचे ९६ चे १२८ झाले. म्हणजे बाळाची काळजी म्हणून जितकं जास्त वेळ उकळलं तितकं ते नायट्रेटच्या दृष्टीने वाईट होत गेलं. तुमची चूक नाही, हे कुणी सांगतच नाही. मशीन येईपर्यंत सीलबंद आयएसआयचं पाणी आणा (गावात फिरणारे ते थंड पाण्याचे जार नव्हे हां, ते बहुतेक वेळा कुठल्याच शिक्क्याखाली येत नाहीत) आणि ते एकदा उकळी आणून वापरा. अंगावरचं दूध चालू असेल तर ते बिनधास्त द्या, आईने प्यायलेल्या पाण्यातलं नायट्रेट दुधात फारसं उतरत नाही.

आता त्या सळ्यांबद्दल, कारण ही जादू गावोगाव चालते. आरओवाल्याच्या त्या डब्यात एक जोडी लोखंडी सळ्यांची असते. पाण्यातून वीज सोडली की लोखंड विरघळतं आणि गंजाचा गाळ वर येतो. तो गाळ पाण्यातला नाही, सळीचा आहे. आरओच्या पाण्यात क्षार कमी म्हणून वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. पुढच्या वेळी तो आला की त्याच्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा आता बुडव. चेहरा बघण्यासारखा होतो.

टीडीएस मीटरचंही तसंच. ते पाण्यात विरघळलेले सगळे क्षार मिळून एक आकडा सांगतं, कोणते ते सांगत नाही. ७८० मध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, मीठ असं सगळं आहे आणि त्यात तुमचं ते ९६ लपून बसलंय. उलट टीडीएस २०० असलेल्या पाण्यात कॉलराचे जंतू असले तर मीटरला काडीचा पत्ता लागणार नाही. आपल्या मानकात टीडीएस ५०० पर्यंत उत्तम आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो, म्हणजे नुसता टीडीएस बघितला तर तुम्हाला आरओची गरजच नव्हती. गंमत अशी की त्याने चुकीच्या कारणासाठी का होईना पण मशीन बरोबर सुचवलंय. नायट्रेटसाठी घरगुती पातळीवर आरओच लागतो. तुरटी, कार्बन, कँडल, यूव्ही, यूएफ, तांब्याचा हंडा, क्लोरीन, यातल्या कशानेही नायट्रेट जात नाही. विरघळलेलं आहे ना ते, साखर पाण्यात विरघळली की गाळणीने निघते का? आयन एक्सचेंजची वेगळी रेझिन मिळते तिने निघतं, पण ती रेझिन भरत आली की पाण्यातलं सल्फेट तिच्यातलं नायट्रेट ढकलून बाहेर काढतं आणि एखाद्या दिवशी नळातून विहिरीपेक्षा जास्त नायट्रेट येऊ शकतं, म्हणून घरी मी ती कधी बसवत नाही.

पण आरओ घेताना एक गोष्ट फार महत्त्वाची, आणि ही मी स्वतः चूक करून शिकलोय. मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर नावाचा एक छोटा स्क्रू असतो. तो काय करतो, तर आरओ न झालेलं थोडं पाणी बाजूने आणून शुद्ध पाण्यात मिसळतो, म्हणजे चव येते आणि आकडा "छान" दिसतो. मी नवीन होतो तेव्हा एका घरी मशीन बसवलं, पंधरा दिवसांनी तिथल्या काकू म्हणाल्या पाणी फिक्कं लागतं, मी लगेच स्क्रू फिरवून दिला, काकू खूश मी पण खूश. काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या घरचं सॅम्पल लॅबला गेलं तर नायट्रेट ४५ च्या वर! मशीन चालू, फिल्टर नवे, आणि मीच मागच्या दाराने विहिरीचं पाणी आत घेतलं होतं. तुमचा हिशोब करून दाखवतो. चांगला मेम्ब्रेन (आरओमधला क्षार अडवणारा पडदा) तुमचे ९६ साधारण १४-१५ वर आणेल आणि टीडीएस ६० च्या आसपास. आता कंट्रोलर फिरवून टीडीएस ३५० केला तर नायट्रेट ४७ होतं. म्हणून मेकॅनिकला ठणकावून सांगा, कंट्रोलर पूर्ण बंद. फिक्कं लागलं तर लागू दे, आठवड्यात जीभ सरावते. मिनरल काडतूस वेगळं मिळतं, त्यात विहिरीचं पाणी मिसळत नाही, ते हवं तर घ्या.

दुसरं, कठीणपणा ४२० वर मेम्ब्रेनवर क्षार बसतात आणि तो लवकर चोंदतो, म्हणून आधी अँटीस्केलंट बॉल्सचं काडतूस असू द्या. मेम्ब्रेन म्हातारा झाला की सगळ्यात आधी नायट्रेट निसटायला लागतं, कारण नायट्रेटला अडवण्यात आरओ मुळातच थोडा कच्चा आहे. म्हणून टीडीएस मीटर इथे कामाला येतं बघा, विहिरीच्या पाण्यासाठी नाही तर मशीनच्या तब्येतीसाठी. बसवल्या दिवशी येणारा आकडा मशीनवर मार्करने लिहून ठेवा, तो दुप्पट झाला की मेम्ब्रेन बदलायचा, सर्व्हिसवाल्याच्या तारखेची वाट बघायची नाही.

वाया जाणारं पाणी. एक लिटरमागे दोन ते तीन लिटर जातं. तुमच्याकडे पिणं आणि स्वयंपाक धरून माणशी पाच लिटर म्हटलं तरी रोज ३५, म्हणजे ७० ते १०० लिटर बाहेर. त्याचा टीडीएस साधारण १०००-११५० असेल, भांडी, फरशी, संडास याला चालतं, नारळाला चालतं. फक्त ती नळी विहिरीशेजारच्या मोरीत सोडू नका, तेच क्षार फिरून परत येतील. आणि आरओ फक्त पिण्याचं आणि स्वयंपाकाचं, आंघोळीला नायट्रेटने काही होत नाही, त्यामुळे सगळ्या घराचं मोठं मशीन कुणी सुचवलं तर हात जोडा.

आता ई. कोलाय. रिपोर्टमध्ये ही ओळ सगळ्यात खाली असते आणि आरओवाला ती वाचतही नाही, पण माझ्या मते तुमच्या घरातल्या मोठ्यांसाठी हीच सगळ्यात धोक्याची आहे. ई. कोलाय सापडला याचा सरळ अर्थ माणसाची किंवा जनावराची विष्ठा कुठूनतरी विहिरीत पोचतेय. १०० मिलिलिटरमध्ये एकही नसावा असा नियम आहे. टायफॉइड, कावीळ, जुलाब सगळं याच वाटेने येतं. २०२५ च्या जानेवारीत पुण्याला सिंहगड रोड, नांदेड गाव भागात जीबीएसचे (गुलियन-बॅरे सिंड्रोम, हातापायांतली ताकद जाणारा नसांचा आजार) पेशंट वाढले तेव्हाही संशय दूषित पाण्यावरच आला होता आणि विहिरीत, टाक्यांत क्लोरीन किती आहे याची धावपळ झाली होती. आणि तुमच्या रिपोर्टमध्ये नायट्रेट आणि ई. कोलाय दोन्ही एकत्र आलेत ना, तिथे मला नुसता ऊस दिसत नाही, उकिरडा किंवा शोषखड्डा पण दिसतो.

उसाचा वाटा आहेच. एक ४५ किलोची युरियाची गोणी, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलोच्या वर. त्यातलं समजा दहावा भागच पिकाच्या हातून निसटून पाटपाण्याबरोबर खाली गेला तरी नायट्रेटच्या हिशोबाने तो जवळजवळ दोन लाख लिटर स्वच्छ पाणी ४५ च्या रेषेवर नेऊन ठेवायला पुरतो. एका गोणीचा दहावा भाग! त्यामुळे विहिरीभोवतीच्या पट्ट्यात तरी युरिया एकदम न देता तीन-चार हप्त्यांत आणि ड्रिपने द्या असं घरी बोलून बघा, पैसेही वाचतात. पण युरियात ई. कोलाय नसतो. तो येतो गोठ्यातून, उकिरड्यातून, संडासाच्या खड्ड्यातून, नाहीतर थेट वरून. विहिरीच्या कपारीत पारवे बसतात का बघा. बसत असतील तर त्यांची सगळी घाण आतच पडते, वरून जाळी मारल्याशिवाय कितीही औषध टाका उपयोग नाही.

पाण्यात क्लोरीन कसं टाकायचं हे गावात जलसुरक्षकाला माहीत असतं पण घरच्या विहिरीवर कुणी येत नाही, म्हणून सांगतो. विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ०.७८५, आलेल्या आकड्याला हजाराने गुणलं की लिटर. व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल तर साधारण ३७,७०० लिटर. चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ९५ ग्रॅमच्या आसपास. ती थेट फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग पाणी वाढवून ढवळा, पाच-दहा मिनिटं ठेवा, खाली चुना बसेल. वरचं निवळ दुसऱ्या बादलीत घ्या आणि चुना बाहेर फेकून द्या, तो विहिरीत गेला तर कठीणपणा वाढतो. मग ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली हलवा, सगळीकडे मिसळलं पाहिजे. संध्याकाळी करा, निदान एक तास तरी पाणी उपसू नका. पावडर मात्र ताजी आणा, तोंड उघडं राहिलेली वर्षापूर्वीची पावडर म्हणजे नुसता चुना.

पण तुमची विहीर शेतीचीही आहे, मोटर रोज चालते, म्हणजे आज टाकलेलं क्लोरीन उद्या उसात. म्हणून विहिरीत अधूनमधून, पावसाळ्यात जास्त वेळा, आणि रोजच्या रोज घरावरच्या टाकीत, हा मार्ग मला जास्त पटतो. हजार लिटरच्या टाकीला तीच अडीच ग्रॅम, अर्धा छोटा चमचा समजा, अर्धा तास थांबायचं, मग नळाच्या पाण्यात दोन थेंब ओटी (क्लोरीन तपासायचं द्रावण) टाकून पिवळी झाक येते का बघायची. नाही आली तर क्लोरीन पाण्यातल्या घाणीनेच खाऊन टाकलं, थोडं वाढवा. गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं, तेव्हा आधी तुरटी फिरवून निवळू द्या. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरतात असं धरून चालू नका.

आणि इथे एक गाठ आहे. क्लोरीन आरओच्या मेम्ब्रेनला खातं. त्यामुळे मशीनमधलं कार्बन काडतूस वेळेवर बदला, तेच क्लोरीन अडवतं. आणि आरओतून निघालेल्या पाण्यात मग क्लोरीन अजिबात नसतं, म्हणजे ते पाणी माठात भरलं आणि कुणी हात बुडवून तांब्या भरला की संपलं, जंतूंना अडवायला तिथे काहीच नाही. ओगराळं ठेवा किंवा तोटीचा माठ घ्या.

सासऱ्यांचं तांब्याच्या हंड्याचं म्हणणं पूर्ण चूक नाही बरं का. रात्रभर तांब्यात ठेवलेल्या पाण्यात जंतू कमी होतात हे प्रयोगात दिसलंय. चार पदरी जुन्या साडीने पाणी गाळून बांगलादेशातल्या खेड्यांत कॉलरा जवळजवळ निम्म्याने कमी झाला होता, कारण तो जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटून असतो. आपल्या आज्या उगाच गाळत नव्हत्या. पण त्यांच्या काळी या विहिरीभोवती ज्वारी होती आणि शेणखत होतं, त्यांना हा उपाय पुरला असेल. हंडा आरओच्या पाण्यासाठी वापरा म्हणावं, त्यांचाही मान राहील. फक्त ताक, लिंबू सरबत त्यात ठेवू नका.

कठीणपणाबद्दल फार लिहीत नाही. गीझरला पापुद्रा येतो, डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस नाही, एवढंच. आरोग्याच्या कारणाने जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याला मर्यादा ठेवलेली नाही. मुतखडा पाण्याने होतो म्हणून सॉफ्टनर घेऊ नका, तो कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देतो, टीडीएस तेवढाच राहतो आणि आजींना बीपी असेल तर ते पाणी प्यायला नकोच. गीझर लिंबूसत्त्वाने साफ होतो.

तुमची बहीण पांढरकवड्याला दिलीय आणि तिथे "फ्लोराइडचा फिल्टर" बसवलाय, तोच आपणही घ्यावा का असं विचारलंय. नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही भागात बोअरच्या पाण्यात खडकातूनच फ्लोराइड उतरतं, दात पिवळे-तपकिरी होतात, पुढे हाडं, सांधे आखडतात. तिथे फ्लोराइड शोषून घेणारं ॲक्टिव्हेटेड अॅल्युमिना लागतं, किंवा गावपातळीवर तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धत, जी नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढली. तुमचं फ्लोराइड ०.६ आहे, १ च्या आत, उत्तम आहे. कोकणात जांभ्यातलं लोह असतं, बादलीत स्वच्छ दिसणारं पाणी तासाभरात लालसर होतं, तिथे पाणी कारंज्यासारखं हवेत उडवून वाळूतून सोडलं तरी बरंच काम होतं, आरओ लागत नाही. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात तर मुळात खारटपणाच. पाण्यात काय आहे त्यावर औषध ठरतं, शेजारणीचं औषध आपल्याला चालत नाही तसंच. आणि खोल बोअर मारू म्हणजे सुटलो असं कुणी म्हणालं तर मारण्याआधी जवळपासच्या बोअरचा रिपोर्ट मागा, नायट्रेट टळून दुसरंच काहीतरी गळ्यात पडतं.

एक पर्याय मात्र मी दरवेळी सुचवतो आणि कुणी करत नाही. तुमच्या घराला स्लॅब आहे. १०० चौरस मीटर स्लॅब आणि ५०० मिलिमीटर पाऊस धरला, थोडं वाया गेलं धरलं, तरी ४० हजार लिटर मिळतं. सात माणसांचं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं वर्षाचं पाणी १३ हजारांच्या आत बसतं. पावसाच्या पाण्यात नायट्रेट नगण्य, फक्त पहिला पाऊस वाहू द्यायचा, वाळूच्या गाळणीतून झाकलेल्या टाकीत घ्यायचं आणि क्लोरीन टाकायचं. टाकीचाच खर्च मोठा आहे, तो आरओपेक्षा जास्त येईल, पण त्याला मेम्ब्रेन नाही आणि वीजही नाही.

विहिरीचा गाळ काढायचं मनात असेल तर माणूस आत उतरवण्याआधी हवा खेळती करा, आणि डिझेल इंजिन आत किंवा काठावर लावून उपसा करत असताना कुणालाही उतरवू नका. त्या धुराने माणसं जागच्या जागी गेलीत. एक बेशुद्ध पडला म्हणून दुसरा धावत उतरतो आणि तोही जातो, हे मी स्वतः एका गावात बघितलंय, अजून विसरलो नाही.

मशीन बसलं की पंधरा दिवसांनी आरओच्या नळाचं सॅम्पल लॅबला द्या, विहिरीचं नाही, नळाचं. जंतूंसाठी लॅबकडूनच निर्जंतुक बाटली घ्या, झाकणाच्या आतून बोट लावू नका, नळाचं तोंड निर्जंतुक करून घ्या, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. मला एकदा एका शाळेतून धुतलेल्या सरबताच्या बाटलीत सॅम्पल आलं होतं, त्या रिपोर्टवरून कुणी काय समजणार. आणि नायट्रेटचा आकडा आला की शेजारी "ॲज एन" (म्हणजे त्यातला फक्त नायट्रोजन मोजलेला) लिहिलंय का ते बघा. तसं असेल तर मर्यादा ४५ नाही, १० आहे. एकाने १८ बघून "४५ च्या आत आहे" म्हणून निर्धास्त पाणी पाजलं होतं, ते खरं तर ८० निघालं. तुमच्या रिपोर्टवर साधं नायट्रेट लिहिलंय, म्हणून ९६ म्हणजे ९६.

सध्या पैसे भरू नका, आधी दोन गोष्टी मोजून मला कळवा: संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून किती फुटांवर आहे आणि उताराच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या. ५० फुटांच्या आत आणि वरच्या अंगाला निघाला तर २२ हजारांतले पहिले पैसे तो हलवायला लागतील, मशीन त्यानंतर.